आजचे वाचक

३ नोव्हेंबर
आले एकदाची. मालेगावहून बसनं द्वारका चौकात उतरले, तिथून रिक्षा. म्हसरूळच्या पुढे, जुन्या द्राक्षबागेच्या जागेवर हा वृद्धाश्रम आहे. बागेचे लोखंडी अँगल अजून उभे आहेत आणि तारांवर आता आजीलोकांच्या साड्या वाळतात. एकोणीस म्हातारी माणसं आणि नर्स मी एकटी. खोली छोटी असली तरी खिडकीतून डोंगर दिसतो. स्वयंपाकीण लंकाबाई वणीकडच्या. मी मटण खाते का, असं त्यांनी विचारलं, आणि इथं ते मिळणार नाही म्हणून माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं. अब्बांना फोन केला तेव्हा ते लूमवर, कापडाच्या मागावर होते. त्या खडखडाटात त्यांना एवढंच ऐकू आलं की मी जेवले.

९ नोव्हेंबर
ब्लॉग सुरू केला. दुपारी सगळे झोपले की दोन तास मोकळे असतात. इथल्या माणसांबद्दल लिहायचं, नावं बदलून. पहिला लेख लंकाबाईंच्या पिठल्यावर. वाचक चार. धाकट्या बहिणीला, खुशनुमाला, विचारलं तर म्हणाली की चारही वेळा तिनंच उघडला होता. खूप हसलो.

१८ नोव्हेंबर
इथल्या आजींपैकी वत्सलाबाई आज सकाळी गेल्या. काल दुपारी त्यांनी माझा हात धरून एक गोष्ट सांगितली होती. लहानपणी धाकटी बहीण विहिरीत घसरली, तेव्हा तिचा हात यांच्या हातात होता. तो सुटला नव्हता, यांनीच सोडला होता. सत्तर वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुठंतरी लिहून ठेव, म्हणाल्या. मी नाव न घालता लिहिलं. वाचक एकतीस.

२० नोव्हेंबर
एकशे सत्तर! खुशनुमा शपथेवर सांगते की तिनं लिंक कुणालाही पाठवलेली नाही. खाली पहिली प्रतिक्रिया आली आहे: "तिचं लिहिलंस तसं माझंही लिही. मी भावाच्या ताटात औषध टाकलं होतं. पुंजा, खाट चार." कुणीतरी लेखक असावा असं वाटलं. ऑफिसातल्या अमितना दाखवलं. ब्लॉग कुठून उघडला जातोय ते त्यांनी पाहिलं. गावाच्या जागी सगळीकडे रिकामं येतंय. नवीन ब्लॉगचं असं होतं, म्हणाले.

२३ नोव्हेंबर
पुंजाबद्दल लिहिलं. वाचक सहाशे. आनंद झाला हे कबूल करते. आयुष्यात इतक्या लोकांनी माझं काही ऐकलं नव्हतं. आणखी अकरा जणांनी तेच मागितलं आहे. प्रत्येकाचं काहीतरी सांगायचं राहिलं आहे, आणि त्यात चांगलं असं एकही नाही.

२५ नोव्हेंबर
औषधांचं जुनं रजिस्टर शोधताना आश्रमात दाखल झालेल्यांची वही हाती लागली. पुंजा, खाट चार. सहा वर्षांपूर्वी मयत. बाकीची नावंही पाहत गेले. अकरापैकी सात जण या वहीत आहेत. सगळे मयत. उरलेले चौघं इथले नसावेत. ते कुठून आले?

अमितना सांगितलं. आश्रमातलंच कुणीतरी थट्टा करतंय, असं त्यांचं मत. पण पुंजानं नंतरच्या प्रतिक्रियेत भावाचं नाव आणि ताटातल्या भाजीचं नाव लिहिलं होतं. तो भाऊ पेठला राहत होता. मी त्याच्या घरचा नंबर मिळवून फोन केला. सून बोलली. सासरे तरुणपणी जेवता जेवता गेले, करडईची भाजी होती, असं घरात सांगतात.

२६ नोव्हेंबर
ब्लॉग काढून टाकला. लंकाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "गेलेल्यांना बोलायला माणूस लागतं पोरी. पण तू नाय म्हण. तुझं वय हाय का हे ऐकायचं?" बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर
लंकाबाई गेल्या. सकाळी साडेदहाला, मेथी निवडताना. बी.पी. नाही, शुगर नाही, परवाच मी तपासलं होतं. मी छाती दाबत राहिले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिले.

दुपारी फोन उघडला. ब्लॉग पुन्हा तिथंच आहे. वाचक चार हजार. वर एकच नवी प्रतिक्रिया: "पोरी, मला कामावरून उठवून आणलं. तू लिहीत नाय म्हणून. मला काय सांगायचंच नव्हतं गं. माझं काहीच राहिलं नव्हतं. लंकाबाई."

२८ नोव्हेंबर
लिहितेय. आज नऊ जणांचं लिहिलं. त्याच्या खाली लगेच चाळीस नवे. एकानं स्पष्टच लिहिलंय, तू थांबलीस की तुझ्या ओळखीचं एक माणूस आणू. त्याच्यासाठी तरी लिहिशील.

अमित रजेवर गेले. मीच जा म्हटलं. माझ्या ओळखीत राहू नका म्हटलं.

३० नोव्हेंबर
बावीस हजार. दोन दिवसांत तीस लेख. मनगट सुजलंय, डाव्या हातानं टाइप करते. काय काय लिहितेय मी — कुणी सुनेला कोंडलं, कुणी बाळाला — नाही, इथं नको. वाचलेलं डोक्यातून जात नाही.

खाटांवरची माणसं हाका मारतात. औषधांची वेळ चुकली. पहिल्यांदाच चुकली.

१ डिसेंबर
मौलवीसाहेबांकडे गेले. वणीच्या एका भगतालाही फोन केला. दोघंही म्हणाले, बंद कर. दोघांनाही सांगितलं, बंद केलं की माणूस जातं. 

वाचक एक लाख. एका बोटानं लिहितेय. पुरं पडत नाही. मी थांबलेली नाही, फक्त पुरं पडत नाही — त्यांना हा फरक कळतो का?

विनवलं त्यांना. खाली लिहिलं की एकेक करून घेते, कुणालाही आणू नका, मी आहे, रोज लिहीन, मरेपर्यंत लिहीन.

उत्तर आलं: "मेल्यावरही."

२ डिसेंबर, सकाळ
शुद्ध हरपली होती. तीन तास. तीन तास काही लिहिलं नाही. या अल्लाह — तीन तास —

घरी फोन लावतेय. अब्बा उचलत नाहीत. लूमवर असतील. आवाजात ऐकू येत नाही त्यांना.

खुशनुमाही नाही.

ब्लॉग उघडला. नको होता उघडायला. नवी प्रतिक्रिया, दहा मिनिटांपूर्वीची —

"बेटी, लिहू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. मी सांगतो यांना. तू जेवून घे."

नाव नाही. नाव नाही म्हणजे कुणीही असेल. ते फसवतात. फसवत असतील. अब्बांना मराठी टाइप करता येत नाही, म्हणजे ते नसतीलच, ते आत्ता लूमवर —

फोन वाजतोय. खुशनुमा.

वाजतोय. उचलायला हवा. जोवर उचलत नाही तोवर अब्बा —