स्विचरची साक्ष आणि माझा माफीनामा

कराड,
गुरुवार

तीर्थस्वरूप नाथाजी दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे आकारामचा, दंडवत.

तुमचा गुडघा आणि आक्काचं बीपी दोन्ही ताब्यात असतील अशी आशा. कवठे महांकाळात ऊन कसं आहे तेही कळवा. आम्ही इकडे खुशाल आहोत, फक्त कारखान्याशी माझं युद्ध चालू आहे. (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला शांत करता आणि सध्या मला शांत व्हायचं नाही.)

साखर कारखान्याच्या सभागृहातले पडदे आणि माईक मी सांभाळतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे स्विचर नावाचा एक डबा आहे. लॅपटॉप, कॅमेरे, सगळ्यांच्या तारा त्यात जातात आणि कोणतं चित्र कोणत्या पडद्यावर जायचं ते त्यातून ठरतं. परवाच्या वार्षिक सभेत चेअरमनसाहेब नव्या यंत्रांची फिल्म दाखवायला वळले आणि चारही पडदे काळे! चांगली चार मिनिटं. सभासदांनी शिट्ट्या मारल्या. मॅनेजर इंद्रजितराव नंतर मला म्हणाले, "आकारामबापू, सोमवारपर्यंत माफीनामा द्या, न्हाईतर चाव्या ठेवून घरी बसा." माफीनामा आणि मी? अठरा वर्षं सैन्यात वायरलेस सांभाळला, एक निरोप चुकवला नाही. चाव्या देईन, पण लिहून देणार नाही.

मी सरळ डब्यालाच साक्षीला उभं केलं. त्याच्या आत कायमचा बसवलेला एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. देखभालीच्या कंपनीने जूनमध्ये कागदावर सही करून लिहिलंय, की नवी आवृत्ती ४.२ घातली. आता नेटवर्कवरून लॅपटॉप जोडला, की डब्याला टाइप करून प्रश्न विचारता येतो आणि तो लेखी उत्तर देतो (आमच्या ऑफिसपेक्षा लवकर). डब्यासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय, 'क्यू' हे अक्षर टाइप करून एंटर दाबा. मी क्यू लिहिला आणि वायरलेसच्या शिस्तीने पुढे 'ओव्हर' (माझं संपलं, आता तू बोल) लिहिलं. उत्तर आलं, ई-१०. म्हणजे, असली आज्ञा मी ओळखत नाही. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा ई-१०. असला उर्मट जवान मी आयुष्यात पाहिला नव्हता. शेवटी डबा घेऊन आलेली आमची लीलाबाई (हा जेवणाचा डबा) चष्मा लावून पुस्तक बघत म्हणाली, "आवं, ह्यात ओव्हर कुठं हाय?"

ओव्हर काढलं आणि पठ्ठ्या एका झटक्यात बोलला, ३.१! जुनीच! मग आतल्या एकेका कार्डाची आवृत्ती वेगवेगळी विचारली, तीही सगळी जुनी. कंपनीने हात लावलाच नव्हता. त्या उत्तरांचा छापील कागद इंद्रजितरावांच्या टेबलावर आपटला आणि म्हणालो, माफीनामा घ्यायचा तर कंपनीकडून घ्या. त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, "कंपनीनं फसवलं, पटलं. पण त्या दिवशी पडदे कशानं गेले?" असल्या प्रश्नाला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटतं. मी मागे हटणार नाही, दाजी. आक्काला नमस्कार सांगा.

तुमचा,
आकाराम

ता. क. शिवांजलीचं मनापासून अभिनंदन. पोलीस भरतीची यादी सभेच्याच दुपारी लागायची होती आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन करून माझी बॅटरी संपवत आणलीत. मोबाइल चार्जिंगला लावायला मी कपाटातला एक प्लग उपटला. तो स्विचरचा निघाला. लगेच परत लावला, पण त्याला जागं व्हायला चार मिनिटं लागतात. तुमच्या पोरीचं नाव मी पडदे काळे असतानाच वाचलं आणि खरं सांगतो, त्या घडीला मला पडद्यांचं काहीच वाटलं नाही.

ता. क. २. तुम्ही तीस वर्षं तहसील कचेरीत लोकांना अर्ज लिहून दिलेत. मला एक मसुदा शनिवारपर्यंत मोबाइलवर पाठवा. त्यात माफी हा शब्द नको. दिलगिरी चालेल, पण एकदाच.