खासगीपणावर माझी तीन मिनिटं

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

नाव नोंदवलं. तेवीस तारखेला रिंगरोडच्या एका हॉलमध्ये जाहीर चर्चासत्र आहे. इंटरनेट, टेलिकॉम आणि नागरिकांचा खासगीपणा. दिल्लीहून वकील येणार. शेवटी 'सामान्य नागरिक बोलतो', प्रत्येकी तीन मिनिटं. 'सामान्य' शब्द खटकला, पण चालवून घेतला.

कारण असं. आमच्या पोरीला, शीतलला, सारखे परक्या पुरुषांचे फोन येताहेत. बँकेत काउंटरवर बसलेली असतानासुद्धा. कोणी उंची विचारतो, कोणी पगार. एकाने तर भाकरी थापता येते का विचारलं. नंबर टेलिकॉमवाल्यांनीच विकला, यात शंका नाही. विकणारा सापडला की त्याला रंगाच्या टाकीत उलटा बुडवणार. मी सुरतला पांडेसऱ्यात डाईंग मिलचा कलर मास्तर आहे. कोणता रंग चढवायचा ते मी ठरवीन.

मागच्याच आठवड्यात तिचा बायोडेटा समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकला. नंदुरबारपासून सुरतपर्यंत एकही ग्रुप सोडला नाही. फोटो, मामेकूळ, बँकेची शाखा, लंच टाइम, मोबाइल नंबर, सगळं व्यवस्थित. नंबर तिचाच दिला. माझा दिला असता तर लोकांनी दिवसभर डोकं खाल्लं असतं. माणसाला खासगीपणा नको का?

६ नोव्हेंबर

मोबाइलवाल्या मगनकडे गेलो. शीतलचं सिम त्याच्याकडूनच घेतलेलं. शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, आवो योगराजभाई, चा पीओ. गुन्हेगार आधी चहाच पाजतो. एक कानाखाली वाजवली. त्याने लोखंडी स्टूल माझ्या खांद्यात घातलं. मी त्याच्या काउंटरची काच फोडली, त्याने माझा चष्मा. चर्चा एकंदरीत सकारात्मक झाली. उजवा हात वर होत नाही. भाषणाला डावा पुरेल.

संकल्प: चर्चासत्र होईपर्यंत अहिंसा. वक्त्याला मारामारी शोभत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी भाषण पाठ करत होतो. शीतल काहीतरी सांगत होती. नितीन म्हणून कोणी आहे, चलथाणच्या साखर कारखान्यात, फोनवर नीट बोलला, इतक्या जणांत हाच बरा वाटला, दुपारी आईला घेऊन येतोय. मी हो हो केलं. 'डेटा हा माणसाचा दुसरा देह आहे' या वाक्याशी अडलो होतो.

दुपारी बेल वाजली. दारात अनोळखी तरुण. म्हणाला, शीतल इथेच राहतात ना, फोनवर बोलणं झालं होतं. म्हणजे मजल आता घरापर्यंत! अहिंसा जरा बाजूला ठेवली. दाराचा लाकडी अडसर हाताशी होता. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. गडी जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गडगडत गेला, पेढ्यांच्या बॉक्ससकट. पुढचा दात पडला. भिंतीवर रक्त उडालं ते मीच पुसलं, कोणी मदतीला आलं नाही.

मागून त्याची आई, धुरपदाबाई. तिने छत्री उलटी धरली आणि लाकडी मुठीने माझं डोकं फोडलं. "तू बाप शे का बैल?" अस्सल अहिराणी. म्हणजे कंपनीने आता आपल्याच समाजाची माणसं फोडली आहेत. प्रकरण फार वरपर्यंत आहे.

शीतलने दोघांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. जाताना जिन्यात थांबली. ओरडली नाही. "पप्पा, माझा नंबर तुम्ही वाटला. आणि दात त्याचा पाडला."

पोरगी धक्क्यात आहे. धक्क्यात माणूस काहीही बोलतं.

१३ नोव्हेंबर

घरात कोणी बोलत नाही. कलाबाई, म्हणजे आमची मंडळी, ताट सरकवते आणि निघून जाते. मेहुणा गोपाल कामरेजहून आला आणि परस्पर चलथाणला जाऊन माझ्या वतीने माफी मागून आला. मला न विचारता माझं नाव वापरलं! संमतीशिवाय वापर, दुसरं काय? त्याचं नाक फोडणार होतो, पण कलाबाई मध्ये उभी राहिली. भावाची बाजू घेते.

१६ नोव्हेंबर, रविवार

शीतलच्या सुरक्षेसाठी तिचा फोन तपासायला घेतला. लॉक. बापाला लॉक! तेवढ्यात स्क्रीनवर नितीनचा मेसेज चमकला, आज वरणभात चावता आला म्हणून. फोन तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावला. फोनच नाही तर कॉल येणार कुठून? इतका सोपा उपाय दिल्लीच्या वकिलांना सुचायचा नाही.

कलाबाईने लाटणं मारलं. "तुमनं डोकं फिरी गयं का?" नेम पक्का. कपाळाला पट्टी. शीतल बॅग भरून मामाकडे कामरेजला गेली. चांगलंय, तिथे हवा मोकळी आहे. दोन-चार दिवसांत येईल. भाषणात मुद्दा घ्यायचा: टेलिकॉमवाले घरं फोडतात.

२१ नोव्हेंबर

शीतल आलेली नाही. हवा मानवली असणार. भाषण तोंडपाठ. आरशासमोर बोलताना आवेशात आरसा फुटला. बोटांना लागलंय. तयारी उत्तम.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी, दवाखाना

माझं नाव पुकारलं. कपाळाला पट्टी, बोटांना पट्टी, खांदा वाकडा. सभा एकदम गंभीर झाली. सुरुवात दणक्यात केली. मग पुरावा म्हणून शीतलचं पूर्ण नाव, बँकेची शाखा आणि मोबाइल नंबर मोठ्याने वाचला. लिहून घेणाऱ्यांच्या सोयीसाठी पुन्हा वाचला. दिल्लीच्या वकीलबाई दोन्ही हात हलवून थांबा म्हणत होत्या. कार्यक्रम इंटरनेटवर लाइव्ह चालला होता म्हणे. उत्तमच, देशभर पोहोचला.

इतक्यात पहिल्या रांगेतला एक चष्मेवाला लॅपटॉपवर भराभर बोटं चालवू लागला. डोळ्यांदेखत नंबर चोरतोय! स्टेजवरून उडी मारली ती थेट त्याच्या छातीवर. गळा धरला. लॅपटॉप त्याच्याच डोक्यात घातला. नंतर कळलं, तो लाइव्ह बंद करायच्या खटपटीत होता. आधी सांगायला काय झालं होतं? स्वयंसेवकांनी मला खुर्चीने हाणलं. दोन बरगड्या गेल्या. पायऱ्यांवरून फेकलं तेव्हाही मी 'खासगीपणा, खासगीपणा' ओरडत होतो.

माझं सव्वा मिनिट शिल्लक होतं. आयोजकांकडे तक्रार करणार.

३० नोव्हेंबर, रविवार

कलाबाई सकाळीच ठेवणीतली साडी नेसून बाहेर पडली. आज शीतलचा साखरपुडा. नितीनशी, चलथाणला. धुरपदाबाईंनी एकच अट घातली, बाप नको. शीतलने लगेच होकार दिला, हे कलाबाईने चपला घालता घालता सांगितलं. बापाच्या पाटावर गोपाल बसणार.

गोपालला पाटासकट उचलून आपटायचं ठरवलं. बरगड्या दुखताहेत, पण एवढं जमेल. इस्त्रीचा शर्ट घातला. खाली जाऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, चलथाणमध्ये कुठे? ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

शीतलला फोन लावला. तो नंबर तिने कायमचा बंद केलाय. मग कलाबाईला लावला. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता, त्यात शीतलचा ओळखू आला. पत्ता विचारला. तुम्हाला सांगायचा नाही असं शीतलने बजावलंय, म्हणाली. मग तिचा नवा नंबर तरी दे म्हटलं. तोही नाही. म्हटलं, मारामारी करणार नाही, लांब उभा राहून पोरीला बघतो आणि परत येतो.  कलाबाईने फोन ठेवला.

रिक्षा सोडून दिली. जिना चढताना रडू आलं. बरगड्यांमुळे असणार.