मूर्तीवरचे हिरवे ठिपके

१९ एप्रिल १९५८, शनिवार
माटुंग्याहून प्रयोगशाळा आटोपून आलो, तर जिन्याखालीच गंगारामदादा उभे. चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष. एरवी कोणाला दाद न देणारा माणूस, आज आवाज बसलेला. "सदा, वर मंडळाच्या खोलीत चल. आपल्या बुद्धाला काहीतरी झालंय."
दीक्षेनंतर साऱ्या चाळीने मिळून ओतवून घेतलेली मूर्ती. हातभर उंच, ब्राँझची. चिवराच्या चुण्यांत, मांडीवरच्या बोटांच्या बेचक्यांत, हनुवटीखाली फिकट हिरवे ठिपके. बोट लावलं तर पीठ बोटाला आलं.
 चार वर्षं मी हेच बघतोय, खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या नळ्या. तांब्याच्या मिश्रधातूंचं गंजणं, हा माझा विषय. पण नळीला चेहरा नसतो.
मागे नामदेव. गिरणीत साच्यावर काम करतो, तोंडाने तिखट. म्हणाला, "तेजाब आहे. समोरच्यांनी खिडकीतून मारलं." शिमग्याला समोरच्या चाळीतल्या पोरांनी याच खिडकीतून रंगाचं पाणी उडवलं होतं, तेव्हापासून धुसफुस आहेच. म्हटलं, तपासल्याशिवाय बोलू नकोस.
"तू तपास. आम्ही बघतो काय ते."
पुढच्या पुनवेला बुद्धजयंती. ३ मे.

२० एप्रिल, रविवार
भिंग घेऊन मूर्तीसमोर बसलो. तेजाब असतं तर ओघळ दिसले असते, आणि खिडकीच्या बाजूला. इथे पाठीलाही ठिपके. उलट खांदे, गुडघे, डोकं लख्ख. हे कोडं काही सुटेना. सुईने पूड खरवडून कागदात घेतली.
समोरच्या गॅलरीतून केशव ओरडला, "काय रे सदा, सुट्टीच्या दिवशी पण भिंग?" केशव माझा शाळेपासूनचा दोस्त. मराठी राज्यासाठी लढणाऱ्या समितीची पत्रकं त्याच्याच खाटेखाली असतात. नामदेवने त्याच्याकडे बघून खिडकी आपटली. दोन वर्षांपूर्वी मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हा हे दोघे एकाच हातगाडीमागे आडवे पडून होते. नामदेव स्वतःच रंगवून सांगायचा.

२१ एप्रिल, सोमवार
पूड नायट्रिकमध्ये विरघळवली. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दह्यासारखा पांढरा साका. क्लोराइड, म्हणजे मीठ! ओघळही नव्हते. तेजाबाची गोष्ट संपली.
धावत माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेलो. सरांनी परीक्षानळी उजेडाकडे धरली, बराच वेळ. "वाईट आहे रे. मीठ तांब्याला खातं, दमट हवा लागली की मोकळं होतं, पुन्हा खातं. वरून पुसून जात नाही. सोड्याच्या पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवावी लागेल."
"समुद्राच्या हवेने, सर?"
"हवेने थोडं येतं. इतकं नाही. हे कोणीतरी लावलंय."
शेवटचं वाक्य ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल, मंगळवार
मंडळाला अर्धंच सांगितलं. मीठ आहे, समुद्राच्या हवेतलं. नामदेव लगेच, "मग आमच्या घरातली पितळी भांडी कशी चांगली राहतात? त्यांना हवा लागत नाही?"
 प्रश्न बरोबर होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. एवढं शिकून!
ठरलं ते असं: रविवारी नाक्यावर समितीची सभा आहे, तिला आपल्या चाळीने जायचं नाही. त्याच वेळी समोरच्यांना जाब विचारायचा. जाब म्हणजे काय ते जाताना दिसलं. जिन्याच्या कोपऱ्यात काठ्या आणून ठेवल्यात.  गंगारामदादांचं आता कोणी ऐकत नाही.

२३ एप्रिल
केशव रस्त्यात भेटला. "तुमचे लोक बोलत का नाहीत रे? आमची पोरं पण तयारीत बसलीत."  सांगितलं, रविवारपर्यंत थांब. रविवारी मी काय करणार आहे, देव जाणे. (देव म्हणायचं नाही. सवय.)

२४ एप्रिल, गुरुवार
आई मोरीत तांब्या घासत होती. चिंच, मीठ, वरून राख. मग नळाखाली धरून खळखळून धुतला, लख्ख.
बघत राहिलो. चहा निवून गेला.
मूर्ती नळाखाली धरता येत नाही. ती चौथऱ्याला पक्की आहे. ओल्या फडक्याने पुसली तर खांदे, गुडघे स्वच्छ होतात आणि चुण्यांत मीठ बसून राहतं. नामदेवच्या प्रश्नाचं उत्तर हे.
मंडळाची खोली झाडायचं काम आईने हट्टाने मागून घेतलंय. किल्ली तिच्या कमरेला.
कामावर जायच्या आधी वर जाऊन आलो. डाव्या हाताच्या बोटांमध्ये, अगदी आत, चिंचेचा धागा. चिमट्याने काढून खिशात टाकला. का टाकला? पुरावा म्हणून की लपवायला, मलाच ठाऊक नाही. दिवसभर प्रयोगशाळेत एकही वजन धड घेतलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
विचारलं. जेवताना, तिच्याकडे न बघता.
"व्हय, मीच घासते. दर पुनवेला, पाटंचं." आवाजात जरासुद्धा भीती नाही. उलट खूश. "कशी झळकती, बगितलंस न्हवं?"
मीठ, तांबं, दमट हवा, जमेल तसं समजावलं. तिचा घास हातातच राहिला.
"म्हंजे ते ठिपके माज्यामुळं?"
हो म्हणालो. काय करणार, आहे ते आहे.
घास ताटात ठेवून म्हणाली, "गावाला देऊळ व्हतं. आमी पायरीखाली. नारळ बी लांबनं ठेवायचा. हा पयला, ज्याला या हातांनी आंगोळ घातली. तोच इटाळला व्हय?"
"विटाळ नाही गं! मीठ आहे, नुसतं मीठ." ओरडलोच. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ताट ढकलून उठलो आणि गॅलरीत जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.
आता रविवारी खरं सांगितलं तर आई सगळ्यांसमोर उभी. न सांगितलं तर काठ्या. समुद्राची हवा कोणी मानत नाही.

२६ एप्रिल
आईने स्वयंपाक केला, वाढला. किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आहे.

२७ एप्रिल, रविवार
चारला मंडळाची बैठक. खोली माणसांनी भरलेली, दारात बायका. नाक्यावर समितीचा कर्णा सुरू झाला होता. नामदेवने शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी उठलो. "तेजाब नाही. मीठ आहे, आणि ते समोरून आलेलं नाही," एवढंच बोललो.
"मग कुठून आलं?" नामदेव.
दारातून आई, "माज्या हातनं."
बायकांतून वाट काढत आत आली, पदर नीट केला आणि सगळं सांगितलं. चिंच, मीठ, फडकं, पुनव. "कोनी काय फेकल्यालं न्हाय. उगा कोनाची डोकी फोडू नगा."
नामदेव तरी म्हणालाच, "मावशी, तो देव नाही. आंघोळी घालणं, पुजणं, हे सगळं आपण सोडलंय. शपथ घेतलीय."
"देव न्हाय तर न्हाय. मानूस तर हाय? मानसाला आंगोळ नगं?"
 गंगारामदादांनी डोळे पुसले. नामदेव बाहेर गेला. काठ्या उचलून माळ्यावर टाकल्याचा आवाज आला. सगळेच सभेला गेलो. केशवने नामदेवला पाण्याचा पेला दिला, त्याने घेतला. 

२८ एप्रिल, सोमवार
मूर्ती चौथऱ्यावरून सोडवली. सरांनी काचेचं मोठं भांडं दिलं. आमच्याच खोलीत, खिडकीखाली, सोड्याच्या पाण्यात बुद्ध बसलाय. आई दुसऱ्या भिंतीला टेकून बघते. जवळ येत नाही.

३० एप्रिल
पाणी बदललं, तपासलं. साका अजून येतो, जरा पातळ. हनुवटीखालचा ठिपका सुईने काढला, खाली खड्डा. तो भरून येणार नाही.
सरांना विचारलं, चिंच-मीठ बंद झालं, नुसता हात लावला तर? सर म्हणाले, "घामातही मीठ असतं रे." मला सरांचा राग आला. सर बरोबर आहेत, म्हणूनच आला.

२ मे, शुक्रवार
उद्या जयंती. उद्यापुरती मूर्ती पाण्यातून काढायची, मग पुन्हा बुडवायची. खरी परीक्षा पावसाळ्यात, हवा दमट झाली की. ठिपके परत उगवले तर मी काय करणार, माहीत नाही.
मंडळाने ठराव केला: नवं कुलूप, आणि पाटी. 'मूर्तीस हात लावू नये.' कारण मीच दिलेलं, 'घामातही मीठ असतं', माझ्याच तोंडचे शब्द. आणि माझं अक्षर बरं, म्हणून गंगारामदादा फळी आणि रंगाचा डबा घरी आणून देऊन गेले. "सकाळपर्यंत कर रे बाबा."
फळी मांडीवर घेऊन बसलो. आई भाकऱ्या थापता थापता बघत होती.
"काय लिवायचं हाय?"
"ठरलं नाही अजून."
"गावच्या देवळाला बी पाटी व्हती. मला वाचाया येत न्हवतं. पर कळायचं."
ब्रश रंगात बुडवला होता, तो परत डब्यात ठेवला. तिने शेवटची भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले.
"सदा, उद्या मी कुटं उबी ऱ्हाऊ?"
 फळी कोरीच आहे. सकाळी सातला वंदना.