कोसळलेल्या गाईचं मांस

कुबान,

कुरणावर तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. आल्या आल्या फ्रीझर उघडू नकोस. कितीही भूक लागली तरी कढईतलं परतलेल्या मांसाचं कुरदाक खाऊ नकोस, कुत्र्यालाही घालू नकोस. पशुवैद्य येऊन सगळं मांस जाळणार आहेत.

बाबांना शहरातल्या दवाखान्यात नेतेय. त्यांच्या बोटावरचा फोड काळा ठिक्कर पडलाय, हात कोपरापर्यंत सुजलाय. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "आजारी जनावर कापलंत का?" काळपुळी आहे म्हणे, आपल्या गाईच्या रक्तातल्या जंतूंनी झालेली.

गाय कोसळली तेव्हा मी म्हणत होते, पशुवैद्याला बोलव. तू माझ्यावरच ओरडलास, "तो येईस्तोवर मेली तर हराम होईल, सुरी आण!" वर शेजारीपाजारी वाटेही पाठवलेस. सगळ्यांनी दुवा दिला! आता दारोदार जाऊन सांग, लाजत बसू नकोस. आधी शेजारच्या सालकिनकडे जा, ती पोटुशी आहे.

मग तसाच दवाखान्यात ये. काल मनगटावरची पुळी दाखवून म्हणालास ना, "डास चावला असेल, दुखत तर नाही"?

बाबांचीही दुखत नव्हती.

जिपार