गाडी माही, पैसे मी कायले देऊ?

राळेगाव

प्रिय उर्वशी,

जय भीम. पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. बातमी एवढीच की मी मोपेड विकली. फोनवर फोटो टाकून, अनोळखी माणसाला, कुणाचीही मदत न घेता विकली. ज्या रस्त्यावर तू ठेचकाळलीस त्याच रस्त्याने मी मुद्दाम गेले. राळेगावात एजंट काय कमी आहेत? अंगणवाडीच्या दारातून गाडी उचलून न्यायला दोघे तयार होते. पण त्या लग्नाच्या पंगतीत तुझ्या सासूबाई मथुराबाई माझ्यादेखत सगळ्यांना ऐकवत होत्या, "बायकाईनं मोबाइलवर गाड्या इकाव काय? आमच्या सूनबाईनं स्कूटी इकाले काढली, अन् वरून पैसे देऊन बसली!" सगळी पंगत हसली. तू भाजीची बादली घेऊन खाली मान घालून उभी होतीस. चारचौघींत सगळ्यात मोठ्याने बोलणारी माझी बहीण, आणि आता तिची मान वर होत नाही. तेव्हाच मी ठरवलं की गाडी विकीन तर अशीच विकीन.

तसंही माझ्या गुडघ्याने किक मारायला नकार दिलाच होता. माझ्या आयुषने गाडी धुऊन दिली, मी चारही बाजूंनी फोटो काढले, आरसा फुटलाय तोही दाखवला. मग काय, फोनच फोन. कुणी गाडी न पाहताच शेवटचा भाव विचारी, कुणी नुसतंच विचारी की घरी कोण कोण असतं. अशांना मी अंगणवाडीतल्या पोरांना गप्प करते त्या आवाजात गप्प केलं. आणि मग तो आला. तुझावाला नसेलही, पण पढवलेला त्याच शाळेतला. मॅडम, मैं फौज में हूँ, पोस्टिंग बहुत दूर है, गाड़ी छोटे भाई के लिए चाहिए. वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं. मी भाव सांगितला तर लगेच हो म्हणाला. तिथेच माझे कान टवकारले. अगं, घासाघीस न करता जुनी गाडी घेणारा माणूस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे! इथे माणूस टायरला लाथ मारून पाहतो, इंजिनचा आवाज ऐकून तोंड वाकडं करतो, निघून जातो, परत येतो. या भाऊसाहेबांना गाडी सुरू होते की नाही हेही विचारायचं नव्हतं.

मग त्याने तो चौकोनी कोड पाठवला. म्हणे, हा स्कॅन करा, आधी थोडी रक्कम तुमच्या खात्यातून कटेल, खातं खरं आहे की नाही ते कळेल, मग पूर्ण पैसे त्यासकट जमा होतील. उर्वशी, खरं सांगते, मला सगळं ठाऊक होतं, तुझं उदाहरण डोळ्यांसमोर होतं, तरी "कटेल" हा शब्द ऐकून मला काहीच वावगं वाटलं नाही. बोट कोडाकडे गेलंसुद्धा. आणि मग एकदम लक्षात आलं, तू त्या दिवशी रडत रडत काय म्हणत होतीस. ताई, मले वाटलं कट्टीच हाय. सगळे हसले होते. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

आता कळलं. बाबांचा कापूस गावात व्यापाऱ्याच्या काट्यावर जायचा तेव्हा आपण दोघी बंडीवर बसून जायचो, आठवतं? कापूस आपला, वेचून बोटं फाटलेली आईची, आणि चुकारा हातात पडण्याआधी ओलाव्याची कट्टी म्हणून कापलेले पैसे, हमाली, काट्याचं भाडं, आणि वरून मूठभर कापूस नमुन्याचा म्हणून त्याच्या ढिगात. बाबा एक शब्द बोलत नसत. स्वतःचे पैसे घ्यायचे तर आधी काहीतरी सोडावं लागतं, हे आपण पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो. पुण्या-मुंबईची बाई कदाचित विचारेल की पैसे मला येणार, तर माझ्याकडून का कापता? आपल्याला ते विचारायची सवयच लागू दिली नाही कुणी. तो चोर तुला मूर्ख समजून आला नव्हता. तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आलं तेच त्याने तुला मागितलं, आणि तू दिलंस. यात तुझी अक्कल कुठे कमी पडली ते मथुराबाईंनी मला समजावून सांगावं.

मी फोन कानाला लावला आणि बाबा जे कधी बोलले नाहीत ते बोलून टाकलं. म्हटलं, "गाडी माही, घेणार तू, मंग पैसे मी कायले देऊ?" तो म्हणाला, मॅडम, सिस्टम है, पिन डालिए, पैसा आ जाएगा. मी म्हटलं, पिन पैसे द्यायले लागते, घ्यायले नाही लागत. मग गडी पुढच्या पायरीवर गेला. पैसे भरल्याचा फोटो पाठवला, पाठोपाठ बँकेसारखा दिसणारा मेसेज, आणि म्हणे चुकून जास्त गेले, वरचे परत करा. मी खातं उघडून पाहिलं, एक रुपया आला नव्हता. तसं सांगितल्यावर त्याने केस करायची धमकी दिली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! म्हटलं, "ये ना बाप्पा राळेगावले, मीच येतो तुले स्टँडवर घ्यायले." फोन ठेवला त्याने. मी तो नंबर, ते फोटो, सगळं जपून ठेवलंय आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रारही नोंदवली आहे. काही गेलं नव्हतं तरी नोंदवली.

गाडी शेवटी खेमसिंगने घेतली, कळंबकडच्या तांड्यावरचा. त्याने टायरला लाथ मारली, फुटक्या आरशासाठी भाव पाडला, तेव्हा मला त्याच्यावर भरवसा वाटू लागला! चक्कर मारायला गाडी मागितली, तर मी त्याची मोटारसायकल चावीसकट ठेवून घेतली. बँकेतच भेटायचं म्हटलं. त्याने पैसे टाकले, फोनवर दाखवले, पण मी म्हटलं, माझ्या पासबुकात छापून येऊ दे. आणि नेमकं त्या दिवशी छापायचं मशीन अडलं. बिचारा बाहेर भजी खात बसला, चिडला, म्हणाला, "बाई, तुमी पोलिसात होत्या काय?" चिडू दे. गाडी नावावर करायच्या कागदांवर सह्या झाल्या, त्याच्या आधारची प्रत घेतली, मग चावी दिली. जाताना मात्र म्हणाला, "माह्या बायकोले पाठवतो तुमच्याकडे, शिकवा तिले." शिकवीन म्हटलं.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? कारण तुझा नंबर लावला की तुझे यजमान अतुलराव उचलतात. "ती कामात हाय, काय निरोप हाय ते मले सांगा." तुझा फोन त्यांच्या खिशात, तुझं एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात, आणि म्हणे हे तुझ्या भल्यासाठी. वा रे भलं! फसवणाऱ्याचा फोन चालू आहे आणि फसलेलीचा बंद. म्हणून हे पत्र वैष्णवीच्या हाती मारेगावला पाठवते आहे, आणि सोबत एक फोन, मोपेडच्याच पैशांतून घेतलेला. वैष्णवीला बजावलंय, मावशीच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. पण सिम मी पाठवू शकत नाही. ते तुझ्या नावावर आहे, आणि ते तुलाच मागावं लागेल. शिवणकामाचे तुझे पैसे परत येतील असं खोटं आश्वासन मी देणार नाही, उशीर बराच झालाय. तरी तक्रार तुझ्या तोंडून व्हायला हवी. तेव्हा रडू नकोस, माफी मागू नकोस, कारणं सांगत बसू नकोस. अतुलरावांसमोर उभी राहा, हात पुढे कर आणि म्हण, माहं सिम द्या. हातात आलं की पहिला फोन मला करू नकोस. १९३० ला कर, स्वतःचं पूर्ण नाव सांग, मोठ्याने सांग, सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग मला कर.

तुझीच,
सत्यशीलाताई