तुझ्याकडून करून घेतलेला व्यायाम

माय, आज शेजारच्या काकांना वाशीमला दाखवून आणलं आणि घरी येताच तुला लिहायला बसले. काका एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना तुझाच आजार झालाय, एएलएस. स्नायूंना चालवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, तो. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मेडशीत हा आजार म्हटलं की लोक माझ्याकडेच येतात. परवा काकू आल्या. "पोरी, यायले सकाळी फिराले जाऊ देऊ का नको? तुनं सगळं पाह्यलं हाये." मी पटकन म्हणाले, "नका जाऊ देऊ." आणि दिवसभर बेचैन राहिले.

सोयाबीन सोंगताना बाकीच्या बायका तुझ्या मागे पडायच्या. त्या तुझ्या हातांना एक दिवस भाकर थापता येईना. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधानं बरा होत नाही म्हणाले. मग कुणीतरी सांगितलं, मेहनतीनं ताकद परत येते, आणि मी तेच धरून बसले. रोज सकाळी पाण्यानं भरलेल्या बाटल्या तुझ्या हातात देते आहे, अंगणात चकरा मारायला लावते आहे. "अजून दहा, माय." तू करतेस, कारण मी म्हणते. एका सकाळी तू उंबऱ्यापाशी पडलीस, कपाळ फुटलं. तिथंच बसून ओरडलीस, "मले पयलवान कराचं हाये काय तुले? कायले माहा जीव घेऊन राह्यली?"

त्या दिवसापासून मी सगळं बंद केलं, तुला खाटेवरून उठूही दिलं नाही. फक्त संध्याकाळी तुझी बोटं उघडायची, मिटायची, खांदा हळूच फिरवायचा, आखडला की दुखायचा म्हणून. "हळू... हां, आता बरं वाटते," तू म्हणायचीस. दोन वर्षांनी तू गेलीस. आधी तुझी उरलीसुरली ताकद मी संपवली, मग बसवून ठेवून तुला आणखी लुळी केली, असंच मी आजवर धरून चालले होते.

वाशीमची फिजिओथेरपिस्ट माझ्याहून लहान मुलगी. काकांचे हातपाय तपासून म्हणाली, चाला, पण सपाट जागी, कुणाला तरी सोबत घेऊन, आणि दमण्याआधी बसा. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं तर कमी करा. काकांनी विचारलं, "यानं बरा होईन का मी?" "नाही," ती म्हणाली. "पण आहे ती ताकद वापरात राहील, सांधे आखडणार नाहीत." काकांनी मान हलवली. मग मी विचारलं. तुझ्याकडून काय काय करून घेतलं ते सांगितलं, काकांचाच हात धरून दाखवलं.

"बाटल्या जास्तच झाल्या," ती म्हणाली. "त्यानं तुमच्या आई दमल्या असतील. पण तुमच्यामुळे आजार वाढला, असं मला नाही वाटत. तो थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. आणि संध्याकाळचं हे बोटांचं, खांद्याचं, हेच तर मी घरच्या माणसांना शिकवते."

बाहेर बाकावर येऊन मी रडले. काकू घाबरल्या, पाणी आणलं. "काय झालं वो? काई वंगाळ सांगतलं काय?" नाही काकू, म्हटलं, चांगलंच सांगितलं. किती वर्षांनी छाती भरून श्वास घेतला. येताना काका एसटीत ड्रायव्हरच्या मागेच बसले आणि मालेगाव येईस्तोवर त्याच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होते. काकू हसत होत्या, मीही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. लोकांना मी सांगत आले की ते सगळं आशेपोटी करून घेत होते. आशा होतीच. पण काही सकाळी मला तुझा रागही यायचा माय, तू बरी होत नव्हतीस म्हणून. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.