धक्क्याजवळच्या घराचे पडदे

प्रिय तिकीटबाई,

या नावानं तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले, म्हणून आजही तीच मारते. रागावले तरी सवय जात नाही. तू बोटीच्या तिकीटखिडकीमागे सगळी नोकरी काढलीस आणि तुझ्या भावानं तुला हे नाव ठेवलं. तो गेला आणि नावाबरोबर तूही माझ्या वाट्याला आलीस, निदान मी तसं धरून चालले होते.

इथलं तसं बरं चाललंय. शेजारच्या नर्सबाईंचं कुत्रं आता माझ्यावर भुंकत नाही, आणि बेकरीवाला न सांगता माझा पाव बाजूला काढून ठेवतो. तू म्हणायचीस तेच, दुकानदार तोंड ओळखायला लागला की माणूस त्या गावचा झाला. तुझ्या खोलीतला पलंग मी खिडकीपाशी सरकवलाय, कारण उजेड डोळ्यांवर आल्याशिवाय तू उठत नाहीस. चादर अधूनमधून बदलते. कोणी झोपत नसलं तरी दमट हवेनं कापडाला वास येतोच. नर्सबाई विचारतात, तुमची नणंद कधी येणार? मी सांगते, निवृत्तीची कामं आटपतेय, आज-उद्या येईलच. हे सांगून सांगून माझंच तोंड दुखलं.

आपण घर बघत फिरलो ते दिवस मला फार आवडले होते, हे तुला आधी सांगून टाकते. घर नंतर बघायचं, आधी वस्ती बघायची, हा तुझाच नियम. दीपगृहाजवळच्या वस्तीत आपण मुद्दाम एका दारी पाणी मागितलं आणि त्या बाईनं खिडकीतूनच पेला पुढे केला. तू म्हणालीस, इथं आजारी पडलो तर औषधही खिडकीतूनच मिळेल. मी दोऱ्यांवर वाळणारे कपडे बघत होते. कपड्यांची ठिगळं बघितली की घर कसं चालतं ते मला कळतं. मग आपण धक्क्याजवळच्या वस्तीत गेलो. तिथल्या कुलूपवाल्यानं स्वतःची खुर्ची मला दिली आणि तो उभा राहिला. कोपऱ्यावरच्या दोघी म्हाताऱ्या भांडत होत्या, आपल्याला बघून त्यांनी भांडण थांबवलं, रस्ता सांगितला आणि पुन्हा जिथं सोडलं होतं तिथून सुरू केलं. मला ती माणसं तिथल्या तिथे आवडली. पण समोर नुसता चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या, आणि वास असा की उभं राहवेना. तू नाकाला रुमाल लावलास. मी विचारलं, हा वास जात असेल ना गं कधी? तू म्हणालीस, कायमचाच असतो, मला विचार, आयुष्य गेलंय माझं पाण्याकाठी. मी ऐकलं. शाळेजवळच्या या वस्तीत आलो तेव्हा समुद्र कसा भरून आला होता, आणि मी तिथेच हो म्हणाले.

माझं शिवणाचं दुकान मोडलं, मशीन तेवढं घेऊन इथं आले. तू म्हणालीस, पुढे हो, मी मागोमाग येतेच. हात रिकामे राहवत नाहीत म्हणून बाजारातल्या कापडवाल्याकडून पडद्यांचं काम घ्यायला लागले. तो कापड विकतो, मी मापं घेऊन शिवून देते. हे तुला कळवायचं राहून गेलं. कळवलं असतं तर तू दुसऱ्या कापडवाल्याकडे गेली असतीस.

गेल्या आठवड्यात त्यानं मला धक्क्याजवळ पाठवलं. एक बाई नवीन राहायला येतायत, दार रंगारी उघडेल, एवढंच सांगितलं. मी बसमधून उतरले आणि क्षणभर चुकीच्या ठिकाणी आले असं वाटलं. पाणी पार पायऱ्यांपर्यंत चढलेलं, होड्या डुलतायत, वासाचा पत्ता नाही. मी आपली खुळ्यासारखी बघतच राहिले. पाणी चढतं आणि उतरतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पण तुला? खिडकीबाहेर न बघता आता पाणी उतरलं असेल, बोट उशिरा लागेल असं सांगणारी तू, मला तिथे नेमक्या ओहोटीला घेऊन गेलीस. आणि इकडे नेमक्या भरतीला.

रंगाऱ्यानं दार उघडलं. आत तुझ्या भावाची आरामखुर्ची होती. खुर्चीच्या हातावर त्याच्या सिगारेटनं पडलेलं भोक, त्यावर निळं ठिगळ. माझा टाका मी ओळखणार नाही होय? आतल्या खोलीत पलंग एकच, तोही एकट्या माणसाचा. रंगारी बोलघेवडा निघाला. म्हणाला, बाईंनी घर कधीच घेऊन ठेवलंय, सुटी मिळाली की येऊन बसतात. कधीपासून ते मी विचारलं. त्यानं महिना सांगितला, तो आपण फिरायला निघालो त्याच्याही आधीचा. म्हणजे त्या दिवशी आपण याच दारावरून गेलो, तुझ्या पिशवीत याची किल्ली होती, आणि तू रुमालामागून माझं तोंड बघत होतीस.

मला घराचं दुःख नाही. या वस्तीत माझं बरं चाललंय, ती तू वाईट निवडली नाहीस. पण मी तुला नको झाले होते, तर तसं तोंडावर सांगायचं होतंस. वहिनी, मला आता एकटीनं राहायचंय, एवढंच. मी रडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी टेप घेऊन तुझ्या खिडक्या मोजायला आले असते. त्याऐवजी तू मला समुद्रच खोटा दाखवलास. मी अडाण्यासारखी तुझ्या खोलीच्या चादरी बदलत बसले, याची मला फार लाज वाटते, आणि तुझा फार राग येतो.

मापं मी घेतली. कापडवाल्याला काही बोलले नाही, रंगाऱ्यालाही नाही. हे पत्र पडद्यांच्या गठ्ठ्यातच ठेवतेय, म्हणजे उघडशील तेव्हा आधी हेच हाती लागेल. समुद्राकडच्या खिडकीला अस्तर दुहेरी घातलंय, तुला आता उजेडानं उठवायला कोणी नाही, तेव्हा हवं तितकं झोप. खाली दुमड भरपूर सोडलीय. कापड आटलं तर पडदे उसवून लांब करता येतील, पण ते दुसऱ्या कोणाकडून करून घे. तुझी खोली मी काल नर्सबाईंच्या बहिणीला राहायला दिली.

इतकी वर्षं तुझीच असलेली,
वहिनी